वॉर्डात, पाड्यावर, घरी: रुग्णाकडे बघायचं कसं? खान्देशातून नेहमी येणारे प्रश्न

हे पान जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या नवख्या सिस्टर-ब्रदरसाठी, नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी, आशाताईंसाठी आणि घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांसाठी आहे. औषधांचे डोस दिलेत ते समज पक्की व्हावी म्हणून. प्रत्यक्ष डोस डॉक्टरांच्या ऑर्डरनुसार किंवा तुमच्या केंद्राच्या लेखी प्रोटोकॉलनुसारच द्यायचा.

क्लिनिकल जजमेंट म्हणजे नेमकं काय? निदान करणं तर डॉक्टरांचं काम आहे ना?

निदान डॉक्टर करतात, पण रुग्णाजवळ चोवीस तास डॉक्टर नसतात, नर्स असते. दुपारी गप्पा मारणारे बाबा संध्याकाळी एका शब्दात उत्तर देतायत, हे तिलाच दिसतं. ते दिसणं, त्याचा अर्थ लावणं, त्यावर काहीतरी करणं आणि केल्यावर फरक पडला का ते परत जाऊन बघणं, हे सगळं मिळून क्लिनिकल जजमेंट होतं. नर्सिंगच्या प्राध्यापक क्रिस्टिन टॅनर यांनी २००६ साली मांडलेल्या मॉडेलमध्ये हेच चार टप्पे आहेत.

आपल्याकडे बहुतेक वेळा चौथा टप्पा सुटतो. ऑक्सिजन लावला, पेनकिलर दिलं, नोंद केली आणि पुढच्या बेडकडे गेलो. अर्ध्या तासाने परत जाऊन बघितल्याशिवाय ते काम पुरं झालेलं नसतं.

सगळं बघायला वेळ नसेल तर एकच गोष्ट कोणती बघू?

श्वास मोजा. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून.

टी.पी.आर. (ताप, नाडी, श्वास) चार्टवर सगळ्यात जास्त खोटी नोंद श्वासाचीच होते. तीस बेडच्या वॉर्डात तिसांपुढेही १८ किंवा २० लिहिलेलं दिसलं, तर श्वास कुणीच मोजलेले नाहीत असं समजायला हरकत नाही. प्रकृती बिघडायला लागली की सगळ्यात आधी बऱ्याचदा श्वासच बदलतो. रक्तदाब शरीर बराच वेळ सांभाळून धरतं. तो पडतो तेव्हा हातातला वेळ निघून गेलेला असतो.

रुग्णाला 'श्वास मोजते' असं सांगू नका, सांगितलं की तो श्वास बदलतो. नाडी मोजून झाल्यावर बोटं मनगटावर तशीच ठेवा आणि नजर छातीवर किंवा पोटावर न्या. रुग्णाला वाटतं नाडीच चाललीय. गोधडी पांघरलेली असेल तर बाजूला करा, नऊवारीचा पदर छातीवर असेल तर पोटाची हालचाल बघा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की चूकही चौपट होते.

मोठ्या माणसात मिनिटाला १२ ते २० श्वास ठीक. २१ ते २४ असतील तर लक्ष वाढवा, २५ किंवा जास्त असतील तर लगेच कळवा. बाळांचे आकडे वेगळे आहेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. बाळ रडत असताना किंवा अंगावर पीत असताना मोजू नका. झबलं वर करून बघा: श्वास घेताना बरगडीखालचा भाग आत ओढला जात असेल तर आकडा कितीही असो, बाळाला पुढे पाठवायचं.

बी.पी. नॉर्मल, ऑक्सिजन ९५, तरी सिनियर सिस्टर म्हणाल्या पेशंट बिघडतोय. त्यांना कसं कळलं?

त्यांनी आधीचे आकडे शेजारी ठेवून बघितले. एक उदाहरण घेऊ. आतड्याचं ऑपरेशन झालेले ६२ वर्षांचे बाबा.

दुपारी २ वाजता श्वास १८, नाडी ८८, बी.पी. १२६/७८, ऑक्सिजन ९७, ताप ३७.
संध्याकाळी ६ वाजता श्वास २२, नाडी १०२, बी.पी. ११२/७०, ऑक्सिजन ९५, ताप ३८.२.
रात्री ९ वाजता श्वास २६, नाडी ११८, बी.पी. १०२/६४, ऑक्सिजन ९३, ताप ३८.४.

रात्री नऊचा एकटा रक्तदाब बघितला तर कुणी धावत येणार नाही. तिन्ही ओळी एकाखाली एक वाचल्या तर उतार स्पष्ट दिसतो. हा उतार पकडण्यासाठीच न्यूज (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) नावाची गुणपद्धत आहे, जितके गुण जास्त तितका धोका जास्त. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ती २०१२ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. बाबा शुद्धीत आहेत आणि ऑक्सिजन लावलेला नाही असं धरलं, तर तिच्याप्रमाणे दुपारी ० गुण, सहाला ५ आणि नऊला ९ होतात. पाच गुण झाले की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं असतं, सात किंवा जास्त झाले तर आणीबाणीच. म्हणजे फोन सहा वाजताच व्हायला हवा होता.

तुमच्याकडे हा चार्ट छापलेला नसेल तरी बिघडत नाही. केसपेपरवर वेळेप्रमाणे आकडे एकाखाली एक लिहा, आडवे पसरून नका. नजर आपोआप उतार शोधते.

आणखी एक, नातेवाईक 'आज हे नेहमीसारखे नाहीत' म्हणाले तर ते वाक्य नोंदवा आणि लगेच आकडे घ्या. ज्या बायकोने चाळीस वर्षं संसार केला तिची नजर कुठल्याही मॉनिटरपेक्षा कमी नाही. नव्याने आलेली बेशुद्धी तर सोडाच, नव्याने आलेला गोंधळ, बडबड, माणूस न ओळखणं याला न्यूजमध्ये एकदम ३ गुण आहेत. 'म्हातारपण आहे' म्हणून ते सोडून देऊ नका.

रात्री डॉक्टरांना फोन करायचा तर भीती वाटते. काय बोलू?

फोन करण्याआधी दोन मिनिटं घेऊन सगळे आकडे ताजे घ्या आणि केसपेपर हातात धरा. मग चार गोष्टी क्रमाने सांगा: आत्ता काय झालंय, रुग्ण कोण आणि कशासाठी दाखल, तुम्हाला काय दिसतंय, तुम्हाला काय हवंय.

'सर, पुरुष सर्जिकल वॉर्डातून सिस्टर बोलतेय. बेड १२ च्या बाबांचा श्वास २६ झालाय, दुपारी १८ होता. परवा आतड्याचं ऑपरेशन झालंय. नाडी ११८, बी.पी. १०२/६४, ऑक्सिजन ९३, ताप आहे, पोट कडक लागतंय. मला आत काहीतरी बिघडल्याची शंका येते. तुम्ही पंधरा मिनिटांत येऊन बघावं. तोवर ऑक्सिजन लावू का, रक्ताचे नमुने काढून ठेवू का?'

शेवटची दोन वाक्यं फार महत्त्वाची आहेत. 'सर, पेशंट बरा वाटत नाही' एवढंच बोललात तर पलीकडून 'बघतो' एवढंच येणार. मिळालेली ऑर्डर परत वाचून दाखवा आणि वेळ टाकून लिहा. ठरल्या वेळेत कुणी आलं नाही तर परत फोन, मग त्यांच्या वरच्यांना फोन. यात उद्धटपणा काही नाही.

मे महिन्यात केळीच्या बागेत माणूस कोसळला. आधी १०८ ला फोन की आधी पाणी?

दोन्ही एकाच वेळी. एकाने फोन करायचा, बाकीच्यांनी अंग थंड करायचं. गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका.

भुसावळ, जळगाव, रावेर, यावल पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ च्या पुढे जातो. उन्हाने थकलेला माणूस आणि उष्माघात झालेला माणूस यांतला फरक डोक्यात पक्का ठेवा. थकलेल्याला घाम, चक्कर, पेटके, मळमळ असते, पण तो नीट बोलतो. उष्माघातात अंगाचं आतलं तापमान साधारण ४० च्या वर जातं आणि मेंदू बिघडतो: असंबद्ध बोलणं, झोकांड्या, चिडणं, झटके, बेशुद्धी. घाम बंद होतो असं पुस्तकात वाचलेलं असतं, पण कष्टाचं काम करताना कोसळलेल्याचं अंग घामाने चिंब असू शकतं. म्हणून घामावर भरवसा ठेवू नका, वागण्यावर ठेवा.

सावलीत घ्या, कपडे सैल करा, शक्य तेवढे काढा. ठिबकची नळी असो की विहिरीवरचा पंप, पाणी सगळ्या अंगावर सतत ओता आणि जोरात वारा घाला. ओल्या अंगावरून वारा गेला की उष्णता निघते. नुसती ओली चादर गुंडाळून ठेवली तर थोड्या वेळात तीच गरम होते आणि उष्णता आत कोंडते, म्हणून चादर असेल तर ती पुन्हापुन्हा भिजवा आणि वारा चालू ठेवा. बर्फ मिळाला तर कापडात बांधून मान, काखा, जांघा इथे ठेवा. मोठी टाकी किंवा हौद जवळ असेल आणि डोकं धरायला माणसं असतील, तर गार पाण्यात गळ्यापर्यंत बसवणं सगळ्यात वेगवान.

दवाखान्यात आल्यावर काखेतल्या थर्मामीटरवर विसंबू नका. वरून पाणी ओतलेलं असताना काखेतला आकडा खोटा कमी येतो. गुदद्वारातून तापमान घ्या, दर पाच-दहा मिनिटांनी. ३९ च्या खाली आलं की जोराचं थंड करणं थांबवा, नाहीतर तापमान पलीकडे घसरतं. रक्तातली साखर लगेच बघा. लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण आलाय, ते सांगा.

पॅरासिटामॉल देऊ नका. तापात मेंदूने अंगाचं तापमान मुद्दाम वर नेलेलं असतं, तिथे ती गोळी चालते. उष्माघातात तसं काही झालेलंच नसतं, त्यामुळे गोळीचा उपयोग शून्य आणि आधीच होरपळलेल्या यकृतावर बोजा. आणि ग्लानीत असलेल्याच्या तोंडात पाणी किंवा पन्हं ओतू नका, ते फुफ्फुसात जातं.

पत्र्याच्या घरात राहणारे म्हातारे, लघवीची गोळी चालू असलेले बी.पी.चे रुग्ण यांना शेतात न जाताही उष्माघात होतो. आशाताईंनी मे महिन्यात अशा घरांची यादीच जवळ ठेवावी आणि दुपारी चारनंतर एक चक्कर मारावी.

खिशात कांदा ठेवला तर ऊन लागत नाही का?

कांदा ठेवल्याने नुकसान नाही, पण तो ऊन अडवत नाही. कांद्यासोबत पाण्याची बाटली आणि डोक्याला उपरणं ठेवा, आणि अकरा ते चार काम टाळा.

फ्रीज नाही. उन्हाळ्यात इन्सुलिन कुठे ठेवायचं?

न उघडलेली बाटली २ ते ८ अंशात लागते, ती शक्यतो फ्रीज असलेल्या शेजाऱ्याकडे किंवा मेडिकलवाल्याकडे राहू द्या आणि एकेकच आणा. वापरात असलेली बाटली साधारण २५-३० अंशांपर्यंत चार आठवडे चालते. खान्देशातलं मे महिन्यातलं घर त्याहून तापतं, म्हणून मडकं वापरा. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, वरून ओलं फडकं. बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून छोट्या मडक्यात ठेवा. वाळू रोज दोनदा भिजवा आणि मडकं वारा लागेल तिथे, सावलीत ठेवा. बर्फाच्या कप्प्यात कधीच नको, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

याहून मोठा घोळ सिरिंजचा होतो, आणि तो जीवावर येतो. आपल्याकडच्या बाटल्या बहुतेक ४० युनिट प्रति मिली असतात, त्यांना लाल टोपणाची ४० ची सिरिंज. पेनमधलं इन्सुलिन १०० युनिट प्रति मिली असतं आणि १०० च्या सिरिंजचं टोपण केशरी. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने २० च्या रेषेपर्यंत औषध घेतलं तर अंगात फक्त ८ युनिट जातात. उलट, पेनच्या कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने २० पर्यंत ओढलं तर ५० युनिट जातात, आणि माणूस रात्रीतून साखर उतरून बेशुद्ध पडतो. डिस्चार्जच्या वेळी बाटली आणि सिरिंज दोन्ही हातात घेऊन '४०, ४०' असं रुग्णाकडून वाचून घ्या. पेनमधून सिरिंजने औषध काढायचंच नाही, हेही सांगा.

घाम, थरथर, एकदम भूक, चिडचिड झाली आणि साखर ७० च्या खाली असेल, किंवा मोजायला यंत्र नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांनी परत बघा. मग भाकरी.

फवारणी करताना विषबाधा झाली. गावातल्या उपकेंद्रात काय करता येईल?

कपाशीवर फवारणी चालू असताना कुणी लाळ गाळत, घामेजून, उलट्या-जुलाब करत आला आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या, तर ऑर्गेनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची विषबाधा धरा. हातमोजे आधी घाला, विष तुमच्याही कातडीतून जातं. रुग्णाला डाव्या कुशीवर घ्या, तोंडातली लाळ साफ करा. कपडे, पट्टा, चप्पल सगळं काढून पिशवीत बांधा. साबण-पाण्याने अंग धुवा. केसात, कानामागे, नखांत, बेंबीत विष राहतं. ओकारी काढायला लावू नका. नातेवाइकांना औषधाची बाटली किंवा पुडी घेऊन यायला सांगा, कारण सगळ्या कीटकनाशकांवर उपचार एक नसतो.

दवाखान्यात ॲट्रोपिन (या विषावरचा उतारा) चालू झाल्यावर नर्सची खरी कसोटी लागते. आपल्याकडचं ॲम्प्युल ०.६ मिलिग्रॅमचं असतं. मोठ्या माणसाला सुरुवात साधारण १.८ ते ३ मिलिग्रॅमने, म्हणजे तीन ते पाच ॲम्प्युलने होते, आणि दर पाच मिनिटांनी छाती ऐकून फरक पडला नसेल तर डोस दुप्पट करतात. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबलात तर फसाल. छातीतला घरघर आवाज गेला का, नाडी ८० च्या वर आणि वरचा रक्तदाब ८० च्या वर आहे का, काखेत हात घालून घाम सुकला का, हे बघायचं. उलट रुग्ण बडबडायला लागला, अंग तापलं, पोटाचा आवाज बंद झाला, लघवी तुंबली, तर ॲट्रोपिन जास्त झालंय.

आणि हे विसरू नका: पहिल्या दिवशी सुधारलेल्या रुग्णाचा श्वास दुसऱ्या ते चौथ्या दिवसात अचानक बंद पडू शकतो. त्याआधी मान लुळी पडते. म्हणून प्रत्येक ड्युटीत त्याला सांगा, 'उशीवरून डोकं उचला.' काल उचलत होता आणि आज उचलता येत नाही, तर व्हेंटिलेटरची सोय बघायला लगेच कळवा. चहा पिऊन बसलेला दिसतो म्हणून जनरल वॉर्डात हलवण्याची घाई होते, तेव्हा ही एक तपासणी आडवी येते आणि माणूस वाचतो.

सकाळी पोट दुखतंय, पापण्या मिटतायत, पण साप कुणी बघितला नाही. सर्पदंश असू शकतो?

पावसाळ्यात, जमिनीवर झोपणाऱ्यात, आधी तेच मनात आणा. मण्यार रात्री चावते, दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात कळ, घसा धरल्यासारखा, मग पापण्या जड. 'ॲसिडिटी' म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलेला असा रुग्ण दुपारपर्यंत श्वास थांबून दगावतो.

तपासायला यंत्र लागत नाही. एक मिनिट वर बघायला सांगा, पापण्या खाली येतात का बघा. एका श्वासात आकडे मोजायला लावा. दहा वाजता २५ पर्यंत गेला आणि साडेदहा वाजता १४ वरच थांबला तर स्नायू हरतायत.

घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठत नाही. त्यासाठी वीस मिनिटांची चाचणी: स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत २-३ मिली रक्त घ्या, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवा, मग एकदाच तिरकी करा. रक्त वाहिलं तर विष चढलंय. नळी प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर उत्तर खोटं येतं. मण्यारीच्या दंशात ही चाचणी नॉर्मल येऊ शकते, तेवढ्यावर रुग्णाला मोकळं करू नका.

गावात काय करायचं: अंगठी, कडं, जोडवी काढा. चावलेला हात-पाय फळी लावून हलणार नाही असा बांधा, रुग्णाला चालवू नका, दवाखान्यात न्या. आवळून दोरी, चिरा, तोंडाने ओढणं, काही नाही. कुणी आधीच आवळून बांधून आणलं असेल तर सापाच्या विषावरची लस हाताशी आल्याशिवाय, डॉक्टर समोर असल्याशिवाय ते एकदम सोडू नका, विष एका लोंढ्यात आत जातं. भगताकडे जायचंच असं घरचे म्हणाले तर भांडत बसू नका. 'त्यांना गाडीत सोबत घ्या' म्हणा. सातपुड्यातल्या पाड्यांवर याने बराच वेळ वाचतो.

लस चढवायला लागल्यावर पहिला अर्धा तास रुग्णाजवळून हलू नका. खाज, गांध्या, उलटी, बी.पी. घसरणं यातलं काहीही दिसलं की लस थांबवा. ॲड्रिनलिन मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ते आधीच भरून ट्रेमध्ये ठेवलेलं असावं. मुलांना लसीचा डोस मोठ्यांएवढाच लागतो, कारण सापाने विष काही वजन बघून सोडलेलं नसतं.

सिकलसेलचा मुलगा सारखं 'दुखतंय' म्हणतो. नाटक करतोय का?

नाही. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे मनाशी पक्कं करावं. विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडाला रक्त पोचत नाही. बाहेरून काही दिसत नाही, नाडीही कधी कधी नॉर्मल असते. शून्य ते दहामध्ये दुखणं किती ते विचारा, तोच आकडा लिहा, औषध दिल्यावर अर्ध्या तासाने परत विचारा.

ज्या गोष्टींवर झोप उडायला हवी त्या अशा: ताप ३८.५ किंवा जास्त, छातीत दुखून श्वास वाढणं, अचानक पांढरंफटक पडून पोट डाव्या बाजूला फुगणं, तोंड किंवा हात-पाय एका बाजूला लुळा पडणं. यातल्या कशालाही 'उद्या बघू' नाही. आईला डाव्या बरगडीखाली हात ठेवून प्लीहा (पाणथरी) चाचपायला शिकवा. तिच्या बोटांना रोजचा अंदाज बसला की वाढ सगळ्यात आधी तिलाच कळते.

ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबाला निघण्याआधी सिकलसेलची रोजची औषधं, हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड, परत येईपर्यंत पुरेल एवढं मिळतंय का बघा, सिकलसेलचं कार्ड सोबत द्या, थंडीत पहाटे गार पाण्यात काम नको आणि पाण्याची बाटली हाताशी हवी हे समजावा. पंडुरोग दिसतो म्हणून आजारी मुलाला तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या चालू करू नका.

वाहक, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच सिकलसेलचा दोष आलेला माणूस, आजारी नव्हे. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. 'चारातलं एक' असं सांगितलं की लोकांना वाटतं एक झालं, आता तीन सुटले. म्हणून 'प्रत्येक वेळी नव्याने' हे शब्द वापरा.

बाळाला जुलाब आहेत. ओ.आर.एस. दिलं, तरी बरं वाटत नाही.

आधी विचारा, किती पाण्यात कालवलं? मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. घरोघरी ती चिमूटचिमूट करून ग्लासात टाकली जाते, मग कधी ते खारट होऊन त्रास देतं, कधी नुसतं पाणी उरतं. छोटी पुडी २०० मिलीची असते, दोन्हीत गफलत होते. एक लिटरची रिकामी बाटली घेऊन आईसमोर एकदा बनवून दाखवा. चव अश्रूंएवढी खारट असावी, त्याहून जास्त नाही. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने परत. झिंक १४ दिवस: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०. जुलाब थांबले की आई गोळी थांबवते, तेव्हा 'चौदा दिवस' हे पुडीवर रेघा मारून दाखवा.

पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती जागेवर जायला दोन सेकंदांहून जास्त लागले, डोळे खोल गेले, बाळ पीतच नाही, तर घरचे उपाय संपले. दवाखान्यात न्या.

सलाईन लावा, एकदम ताकद येते ना?

पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिली बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे साधारण पाच चमचे साखर. तोंडाने पिता येत असेल तर लिंबू सरबताचे दोन ग्लास तेच काम करतात. हे रागावून सांगू नका, बाटलीवरचा आकडा दाखवून सांगा, लोकांना पटतं. ज्याचं हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर आहे त्याला फुकटची बाटली दम लावू शकते.

लावायचीच असेल तर थेंब मोजा. नेहमीच्या सेटला २० थेंबांचा एक मिली. ५०० मिली चार तासांत द्यायचं तर ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. रुग्ण हात वाकवतो तसा वेग बदलतो, म्हणून तासाभराने परत मोजा.

अंथरुणाला खिळलेल्या आजींना जखम होऊ नये म्हणून काय करू?

दर दोन तासांनी कूस बदला, पूर्ण आडवं न करता पाठीमागे उशी देऊन थोडं तिरकं. पोटरीखाली उशी ठेवा म्हणजे टाच अधांतरी राहते. माकडहाड, टाचा, कमरेची हाडं रोज अंघोळीच्या वेळी बघा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा बोटांनी चाचपा: आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा मऊसर लागलं तर जखम आतून सुरू झालीय. तिथे चोळू नका, तेल-पावडर लावून मसाज करू नका, टायरसारखी गोल उशी ठेवू नका. त्याने रक्तपुरवठा आणखी तुटतो. जेवणात डाळ, अंडी वाढवा. आपली कळण्याची भाकरी ज्वारी-उडदाची असल्याने इथे कामाची आहे, दुधात कुस्करून द्या.

सगळं समजावून सांगते, मान डोलावतात, आणि घरी जाऊन उलटंच करतात. काय चुकतं?

'समजलं का?' हा प्रश्न चुकतो. त्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं. त्याऐवजी म्हणा, 'आजी, घरी गेल्यावर सुनेला ह्या गोळ्या कशा सांगाल? मला तसंच सांगा, मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय.' त्या सांगायला लागल्या की कुठे गाडी अडली ते तिथेच कळतं. एका भेटीत तीनपेक्षा जास्त गोष्टी सांगू नका.

भाषा त्यांची वापरा. 'वेदनेचं स्वरूप कसं आहे' ऐवजी 'पोटमा दुखस का?' म्हटलं की अहिराणी बोलणारी बाई मोकळी होते. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या घरात भाषांतराला लहान मुलाला उभं करू नका. पाळी, गर्भपात, अंगावरून पाणी जाणं या गोष्टी आई मुलासमोर बोलत नाही. गावची आशाताई सोबत घ्या.

वाचता न येणाऱ्यांसाठी पुडीवर सूर्य आणि चंद्र काढा, गोळ्यांएवढे ठिपके द्या. 'दोन चमचे' म्हणताना कोणता चमचा ते दाखवा. घरचा चहाचा चमचा, पोह्याचा चमचा आणि औषधाच्या बाटलीचं झाकण यांत दुपटी-तिपटीचा फरक असतो, आणि बाळाच्या तापाच्या औषधात तो फरक महाग पडतो. शक्य तिथे ५ मिलीची बिनसुईची सिरिंज द्या आणि रेघेवर पेनाने खूण करा.